थर्टीन की थर्टी? मराठी माध्यमातलं इंग्रजी: शब्द, उच्चार आणि जोर

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० पासून ते पहिलीला आलं, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. नाशिकला बी.कॉम. केलं. गेली नऊ वर्षं पिंपळगावजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, सगळं इंग्रजीत, आणि त्यात माझी चूक सहसा निघत नाही. परदेशी खरेदीदाराशी बोलायचं काम मात्र साहेबांकडे असायचं.

गेल्या हंगामात साहेब आजारी पडले आणि फोन माझ्याकडे आला. रॉटरडॅमच्या गृहस्थांना मी सांगितलं, कंटेनर १३ मार्चला भरतोय. मी 'थर्टीन मार्च' म्हटलं, त्यांनी 'थर्टी' ऐकलं. तोंडी ठरलंय म्हणून लगेच मेल केला नाही, ही माझी चूक. दोन दिवसांनी त्यांचा मेल आला, त्यात ३० तारीख. मग जी धावपळ झाली ती झाली. माल वाया गेला नाही, पण ते दोन-तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

मराठीत तेरा आणि तीस यांची गल्लत कोणी करील का? नाही. मग इंग्रजीत माझ्या तोंडून काय निघालं जे त्यांना तीस वाटलं? तिथून मी या विषयाच्या मागे लागले. माझी इंग्रजी डोळ्यांची आहे, कानांची नाही, हे त्यातून कळलं. प्रत्येक शब्द मी आधी कागदावर भेटले आणि स्पेलिंगवरून त्याचा उच्चार मनानेच ठरवला. वर्षानुवर्षं तोच खरा मानत आले.

आमच्याच धंद्यातले शब्द घ्या. आम्ही सगळे 'थॉमसन' म्हणतो, ती जात परदेशी माणसाच्या तोंडी 'टॉमसन' असते. 'एच' मुका आणि 'पी'सुद्धा मुका. द्राक्षबागेला मी 'वाइनयार्ड' म्हणत होते, ते 'व्हिन्यर्ड' आहे. एकदा त्या गृहस्थांनी सांगितलं की पेट्या 'की'वर आहेत. मी किल्ली समजून गप्प बसले. तो बंदराचा धक्का होता. कागदावर हाच शब्द मी शंभरदा पाहिलाय आणि मनात 'क्वे' वाचलाय. 'रिसीट'मधला 'पी' मी कित्येक वर्षं उच्चारत होते. आणि 'प्रोड्यूस'! शेतमाल म्हणायचा तर जोर पहिल्या तुकड्यावर, 'प्रॉड्यूस'. पिकवणे म्हणायचं तर जोर दुसऱ्यावर, 'प्रड्यूस'. 'एक्सपोर्ट'चंही तसंच: माल म्हटलं की जोर 'एक्स'वर, क्रिया म्हटली की 'पोर्ट'वर. नऊ वर्षं निर्यातीत काढून हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता मी काय करते ते सांगते. पॅकहाऊसमध्ये अर्ध्या किलोचे रिकामे पनेट, म्हणजे द्राक्षं भरायचे प्लास्टिकचे छोटे डबे, पडलेले असतात. त्यातले पाच घरी आणले. शब्द कार्डावर लिहायचा. मागे देवनागरीत उच्चार, जोराच्या अक्षराखाली रेघ, आणि त्या शब्दाचं माझ्या कामातलं एक पूर्ण वाक्य. अर्थ मराठीत लिहिते, पण शेवटी आणि बारीक अक्षरात. नवीन कार्ड पहिल्या पनेटमध्ये. ते रोज बघायचं. बरोबर आलं तर दुसऱ्यात, ते एक दिवसाआड. तिसरा पनेट आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कुठेही चुकलं की कार्ड परत पहिल्यात. नंतर कळलं की ही युक्ती सेबास्टियन लाइट्नर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडली होती, तीही डब्यांचीच. दिवसाला सहा शब्द, त्यापेक्षा जास्त नाही. वीस घेऊन पाहिले, आठवड्यात पहिला पनेट भरून वाहायला लागला आणि मन खट्टू झालं.

शब्द साठताहेत. उच्चाराचं मात्र चाचपडत चाललंय. चाळिशीला आलेल्या माणसाची जीभ वळते का? आणि नेमकं काय आधी सुधारावं? जाणकारांनी मनापासून सांगावं.

---

ध्वनिवेडा

ताई, फार चांगला धागा. मी भाषाविज्ञान शिकतो, माहीत आहे तेवढं सांगतो.

तेरा आणि तीसमधला फरक 'न'मध्ये आहे असं आपल्याला वाटतं. 'न' फोनवर सहज विरतो. ऐकणारा खरं तर जोर आणि लांबी ऐकत असतो. 'थर्टीन'मध्ये जोर 'टीन'वर आणि ई लांब. 'थर्टी'मध्ये जोर 'थर'वर, शेवटची इ आखूड. मराठीत शब्दाच्या कुठल्याही तुकड्यावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही आणि आपण दोन्ही तुकडे सारख्या वजनाने बोलतो.

यात आणखी एक गोम आहे. 'टीन'वाल्या आकड्यापुढे लगेच जोराचा शब्द आला तर जोर मागे सरकतो. नुसतं 'थर्टीन' म्हणताना तो 'टीन'वर असतो, पण 'थर्टीन मार्च' म्हणताना 'थर'वर जातो, कारण पुढे 'मार्च' जोरात येतोय. म्हणजे तुमच्या वाक्यात मुळात इंग्रज माणूसही घोटाळला असता. सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. विमानवाहतुकीत म्हणूनच आकडे सुटे बोलतात, आणि नऊला 'नाइनर' म्हणतात. तारीख, वजन, पॅलेटची संख्या सांगताना पाठोपाठ 'वन थ्री' म्हणायची सवय लावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मराठी माणसाकडे उच्चाराचं भांडवल बरंच आहे, ते आधी मोजा. आपल्या लिपीत 'अ‍ॅ' आणि 'ऑ' आहेत. बॅट, बेट, बट आणि कॉट, कोट हे आपण सहज वेगळे लिहितो आणि बोलतो. हिंदीच्या रूढ लिखाणात 'अ‍ॅ'ला चिन्ह नाही, तिथे 'बैट' लिहावं लागतं.

दुसरं भांडवल 'झ'चं. 'माझा', 'झाड' यातला झ आणि 'झेंडा', 'झेप' यातला झ वेगळे आहेत, लिपी ते दाखवत नाही एवढंच. 'माझा'मधला झ इंग्रजीतल्या शेवटच्या अक्षराच्या, 'झेड'च्या, अगदी जवळ आहे. तुमचा 'रेझिड्यू', म्हणजे फळावर उरलेला औषधाचा अंश, त्यानेच म्हणायचा. फक्त जीभ वर टेकवायची नाही. 'जहाज'मधला ज म्हणताना जीभ आधी टेकते, इथे हवा सलग वाहते, भुंग्यासारखी.

तिसरं, 'व्ह'. द्राक्षवाल्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा. 'व्हाइन' म्हणजे वेल, 'वाइन' म्हणजे दारू. व्हॅन, व्हिडिओ, टीव्ही यात मराठीने 'व्ह' लिहून आणि वॉटर, वॉर्ड यात साधा 'व' लिहून हा फरक कागदावर पक्का केलाय. पण बोलताना आपण दोन्हीकडे 'वारा'मधला 'व' वापरतो, जो दोहोंच्या मधला आहे. 'व्हाइन'ला वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा आणि हवा घासू द्या. 'वाइन'ला दात लांब ठेवा, ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. आरशासमोर दहा दिवस करा, ओठ आपोआप शिकतात.

आणि एक कमी चर्चिली जाणारी गोष्ट. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांना इंग्रजीत हवेचा झोत असतो. आपला 'पॅक' झोताशिवाय असतो, तो त्यांना 'बॅक' ऐकू येऊ शकतो. ओठांपुढे कागदाची पट्टी धरा. 'पॅक' म्हणताना ती हलली पाहिजे. 'स्पेस' म्हणताना हलता कामा नये, कारण 'स'नंतर हा झोत नसतो.

---

वऱ्हाडी_बाणा

धागा आवडला, पण मन थोडं खट्टूही झालं. आपण आपलं इंग्रजी का बदलायचं? फ्रेंच माणूस फ्रेंच ढंगात बोलतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. भारतात इंग्रजीला दोनशेहून जास्त वर्षं झाली. आपला ट आणि ड मूर्धन्य आहे, म्हणजे जीभ मागे वळवून म्हणायचा, तो आपला आहे. माझ्या मुलीच्या शाळेत उच्चारावरून पोरांना हसतात, तेव्हा पोरं बोलणंच बंद करतात. मी स्वतः अकोल्याच्या मराठी शाळेतून आलो आणि पहिल्या नोकरीत दोन वर्षं बैठकीत तोंड उघडलं नाही, फक्त या भीतीने. त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

---

आइंडहोव्हनकर

वऱ्हाडीभाऊ, तुमचं दुःख कळतं आणि पटतंही. ट-ड मूर्धन्य राहिल्याने कोणाचं काही अडत नाही. मी आठ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, माझे ट-ड जसेच्या तसे आहेत. पण ढंग आपला ठेवणं वेगळं आणि तारीख चुकीची पोचणं वेगळं. द्राक्षवेलताईंना दुसऱ्याचं निराकरण हवंय.

ताई, तुमच्या खरेदीदारांबद्दल एक सांगतो. तेही इंग्रजी शिकलेलेच आहेत, त्यांची मातृभाषा नाही. डच भाषेत शब्दाच्या शेवटचे ब, द कठोर होतात, म्हणून कित्येक जण 'बॅड' म्हणताना 'बॅट' म्हणतात. तुम्हाला त्यांचं कळलं नाही तर दरवेळी दोष तुमच्या कानाचा नसतो.

आकड्यांत तर गंमतच आहे. डच लोक तेवीसला 'तीन आणि वीस' म्हणतात, म्हणजे एकक आधी, अगदी आपल्या 'तेवीस'सारखं. त्यामुळे घाईत इंग्रजी बोलताना त्यांच्याकडून ३२ आणि २३ यांची अदलाबदल होते. माझ्यासमोर कैकदा झालीय.

त्याहून जपायचं ते वेळेच्या बाबतीत. डचमध्ये 'हाफ तीन' म्हणजे अडीच. आपला 'अडीच'सुद्धा मुळात 'अर्धतृतीय'च, तिसरा अर्धा. पण ब्रिटिश माणूस 'हाफ थ्री' म्हणाला तर ते साडेतीन. एकाच शब्दांत एक तासाचा फरक. म्हणून फोनवर वेळ ठरवताना मी नेहमी 'टू थर्टी' असं आकड्यात परत म्हणवून घेतो आणि फोन ठेवायच्या आधी दोन ओळींचा मेल टाकतो. इथे त्याला कोणी अविश्वास समजत नाही.

---

शाळामास्तर

सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. हा धागा वाचून काल रात्री उशिरापर्यंत जागा होतो.

आमच्या पिढीने तर्खडकरांच्या पाठमालेवर इंग्रजी शिकलं. मराठीवरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी. वाक्यरचना पक्की झाली, व्याकरण हाडात मुरलं. आवाज मात्र त्यात नव्हताच, आणि पुस्तकात तो असणार तरी कसा? माझं नशीब एवढंच की घरी रेडिओ होता आणि रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या वडील लावायचे. मला अर्थ कळायचा नाही, पण कोणता शब्द कुठे उचलतात तो ठेका कानात बसला. वर्गात मी तो ठेका शिकवला का? प्रामाणिकपणे सांगतो, नाही शिकवला. परीक्षेला लेखी पेपर होता, त्यासाठी स्पेलिंग घोटून घेतलं. द्राक्षवेलबाई, तुमच्यासारख्या शेकडो मुलींना मी मुका 'पी' मुका आहे हे सांगितलं नाही, याची आज खंत वाटते.

मुक्या अक्षरांमागे इतिहास आहे आणि तो कळला की ती लक्षात राहतात. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' कधीच बोलला जात नव्हता. इंग्रजीने तो शब्द फ्रेंचमधून 'बी'शिवाय घेतला. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून 'बी' लिहायला घातला. 'रिसीट'च्या 'पी'चं तेच. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकूनच शिरलाय, मुळात वेगळा असलेला दुसरा शब्द जवळचा समजून. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला, आणि साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर पार बदलले. छापील स्पेलिंग जागेवर थिजलं, बोली पुढे चालत गेली. म्हणून स्पेलिंगला उच्चाराची खूण न मानता शब्दाची जुनी वंशावळ मानावं.

शब्दसंग्रहाबद्दल सांगतो. कुठले शब्द आधी? मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक पूर्वी ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की पुस्तकं अनावश्यक अवघड शब्दांनी भरलेली असतात. त्यांची १९५३ ची यादी साधारण २००० शब्दांची आहे, आणि सर्वसाधारण मजकुरातले १०० पैकी जवळजवळ ८० शब्द त्यातलेच निघतात. मराठी माध्यमाच्या मुलांना अवघड शब्द पाठ असतात, पण 'गेट', 'टेक', 'पुट', 'मेक' यांचे सगळे उपयोग येत नाहीत. माझा अनुभव आहे की तिथेच बोलणं अडतं.

आणि शब्द एकटा शिकू नका, त्याची सोयरीक शिका. आपण 'चूक करतो', म्हणून मुलं 'डू अ मिस्टेक' लिहितात. तिथे 'मेक' हवं. आपण परीक्षा 'देतो', त्यांच्याकडे परीक्षा 'घेतात' किंवा तिला 'बसतात'. पाऊस त्यांच्याकडे 'हेवी', चहा 'स्ट्राँग'. याला नियम नाही, मराठीत कंबर कसतात आणि पदर खोचतात तसंच हे.

क्रियापदांच्या शेवटच्या 'ईडी'साठी तुमच्याच पॅकहाऊसचे तीन शब्द देतो: पॅक्ट, कूल्ड, लोडिड. कागदावर तिन्हीला शेवट एकच, बोलताना ट, ड आणि इड. अनेकवचनाचंही तसंच: ग्रेप्स, व्हाइन्झ, बॉक्सिझ. या सहा शब्दांत जवळजवळ सगळे नियमित शब्द बसतात.

---

द्राक्षवेल

सर, खंत करू नका. आम्हाला वाक्य तुमच्यासारख्यांनीच शिकवलं, त्याच्या जोरावर नऊ वर्षं मेल लिहिते आहे. पॅक्ट-कूल्ड-लोडिड आज पॅकहाऊसच्या फळ्यावर लिहिलं, पोरी येता-जाता म्हणताहेत.

ध्वनिवेडा, पट्टीचा प्रयोग केला. 'पॅक'ला पट्टी अजिबात हलली नाही. 'फॅक' म्हणायला गेले तर फारच होतं. मधलं कसं पकडू?

---

ध्वनिवेडा

ताई, 'प' म्हणायच्या आधी ओठ क्षणभर घट्ट दाबून धरा आणि मग सोडा. दाब साठला की झोत आपोआप येतो. फ डोक्यात आणूच नका.

अजून एक राहिलं होतं. जोर नसलेल्या तुकड्यातला स्वर इंग्रजीत विरून जातो, नुसता पुसट 'अ' उरतो. 'बनाना'मध्ये मधलाच 'ना' भरीव, दोन्ही टोकं पुसट. 'टेम्परेचर' बोलताना 'टेम्प्रचर' होतो, 'कम्फर्टेबल'चा 'कम्फ्टबल', 'व्हेजिटेबल'चा 'व्हेज्टबल'. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपण 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो. 'कपडा' लिहितो, 'कप्डा' म्हणतो. 'कमल'मधल्या लचा अ कोणी उच्चारत नाही. मराठी शिकणारा परदेशी माणूस मात्र सगळे अ पूर्ण म्हणतो आणि ते किती अवघडल्यासारखं वाटतं ते आठवा. आपलं इंग्रजी त्यांना तसंच ऐकू येतं.

---

परिचारिका_बर्मिंगहॅम

रात्रपाळी संपवून लिहितेय, तुटक वाटलं तर माफ करा.

मूळची मी लातूरची, नर्सिंग मराठी भागातच केलं. इंग्लंडला यायला आरोग्यक्षेत्राची इंग्रजी परीक्षा असते, ओईटी. तिची तयारी करताना मी वैद्यकीय शब्द घोटून घोटून पक्के केले. परीक्षा पास झाले. पहिल्या आठवड्यात वॉर्डवर एक आजी म्हणाल्या, त्यांना 'पुअर्ली' वाटतंय. मला वाटलं पैशाचं काही सांगताहेत. इथे 'पुअर्ली' म्हणजे बरं नसणं. दुसऱ्या एक जण म्हणाल्या, 'स्पेंड अ पेनी' करायचंय. ते लघवीला जायचं होतं. पूर्वी सार्वजनिक स्वच्छतागृहाला एक पेनी लागायची, त्यावरून आलं. मी ते वेळेवर ओळखलं नाही आणि त्या आजींना अंथरूण ओलं झाल्याची लाज सोसावी लागली. ते मी विसरू शकत नाही.

आपल्याकडेही डॉक्टर 'अतिसार' लिहितात आणि माणूस 'ढाळ लागली' म्हणतो. दोन्ही शब्द यायला हवेत हे मराठीत मला कोणी शिकवावं लागलं नाही, इंग्रजीत मात्र मी फक्त डॉक्टरांचा शब्द शिकून आले. आता माझ्याकडे वही आहे. डाव्या पानावर पुस्तकी शब्द, उजव्या पानावर रुग्णांच्या तोंडचा. नवीन येणाऱ्या मुलींना ती वही देते. ज्यांना यायचंय त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ऐका, बातम्या नाही. बातम्यांत कोणी कण्हत नाही.

---

रत्नांग्री_आज्जी

मी ६४ वर्षांची. नातू लीड्सला, सात वर्षांचा, त्याला मराठी कळतं पण बोलत नाही. मला त्याच्याशी बोलायचंय. लेक म्हणते, आई तू मराठीतच बोल. मी मराठीत बोलतेच. पण तो शाळेतलं सांगायला लागला की मी मागे पडते. व्याकरण मला आता नको. काय करू?

---

शाळामास्तर

आज्जी, व्याकरण खरंच नको. नातवाच्या वयाच्या मुलांची चित्रांची पुस्तकं मागवा आणि व्हिडिओ कॉलवर त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. तो वाचेल, तुम्ही मागे म्हणा. तुम्ही चुकलात तर तो दुरुस्त करील, आणि मुलांना मोठ्यांना शिकवायला फार आवडतं. मग तेच पान तुम्ही त्याला मराठीत सांगा. दोघांचं भागेल.

---

परिचारिका_बर्मिंगहॅम

आज्जी, लीड्सकडे लोक 'बस'ला 'बुस'च्या जवळचं काहीतरी म्हणतात, 'कप'ला 'कुप'सारखं. नातू असं बोलला तर गोंधळू नका, तो तिकडचा बरोबर उच्चार आहे.

---

सातारी_चाकं

माझं गॅरेज आहे. तुम्ही सगळ्यांनी नवीन शब्दांचं सांगितलं, मी जुन्यांचं सांगतो. आपल्याला इंग्रजी शब्द शेकड्यांनी येतात, पण त्यातले काही बाहेर चालत नाहीत. 'लाइट गेली', 'बॅटरी आण', 'हॉटेलात जेवलो'. बाहेर बॅटरी म्हणजे सेल, विजेरी वेगळी. हॉटेल म्हणजे राहायची जागा. आमची 'स्टेपनी' घ्या. परदेशी गिऱ्हाईकाला मी स्टेपनी म्हणालो, त्याला ओ की ठो कळेना. वेल्समध्ये लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे, तिथल्या जुन्या कारखान्याच्या जादा चाकावरून हा शब्द पडला. तिकडे तो आता 'स्पेअर व्हील' झाला, इथे आपण जपला. 'डिक्की'चंही तेच, तिकडे ब्रिटिश 'बूट' म्हणतात आणि अमेरिकन 'ट्रंक'. शब्द आपलेच आहेत, मला त्यांचा अभिमान वाटतो. पण घरचा कुठला आणि बाहेरचा कुठला हे माहीत पाहिजे.

---

ध्वनिवेडा

चाकंसाहेब, वा! उलटी वाटही आहे. इंग्रजीतला 'मंगूस' आपल्या 'मुंगूस'वरून गेलाय.

---

वऱ्हाडी_बाणा

आइंडहोव्हनकर, तुमचा ढंग आणि निरोप यातला फरक पटला. मुलीला काल तेवढंच सांगितलं: ट तुझा राहू दे, तेरा आणि तीस मात्र वेगळे म्हण. तिने वर्गात हात वर केला असं आज घरी येऊन सांगितलं.

---

तासगावकर

उशिरा आलो. आमच्याकडे बेदाणा, त्यामुळे हा धागा आमचाही. ताई, इंग्लंडचा एक व्यापारी 'सल्टाना' मागतोय आणि आम्ही 'रेझिन' पाठवतोय. एकच ना? आणि उच्चार?

---

द्राक्षवेल

तासगावकर, लिहिताय तो उच्चार 'रेझन' करा, झ 'माझा'तला. ब्रिटिश लोक गडद वाळलेल्या द्राक्षाला 'रेझन' म्हणतात आणि फिकट, सोनेरी, बिनबियांच्या बेदाण्याला 'सल्टाना', जोर 'टा'वर. अमेरिकन माणूस त्यालाच 'गोल्डन रेझन' म्हणेल. तिसरा एक 'करंट' असतो, बारीक काळा. तो ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराच्या नावावरून आलाय. त्यामुळे व्यापाऱ्याला सोनेरी हवाय का हे आधी मेलवर विचारा, फोटो जोडा, आणि टन सांगताना 'वन थ्री' विसरू नका.

तिन्ही शब्दांची कार्डं आत्ताच केली. पहिल्या पनेटमध्ये टाकलीत.